बसते, पण जुळते का?

लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर ‘असेंबल’ करून घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दहा मिनिटांत एक चिठ्ठी पडते. आय-५ प्रोसेसर, मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, कॅबिनेट विथ एसएमपीएस, कीबोर्ड-माऊस आणि खाली बेरीज. बरोबर मुलगा असतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा. वडिलांनी मुदत ठेव मोडून पैसे आणलेले असतात. चिठ्ठीतले फारसे कळत नाही म्हणून ते एकच प्रश्न विचारतात, ‘‘सगळं एकमेकांना चालेल ना?’’ दुकानदार म्हणतो, ‘‘काका, जोडून, चालू करून दाखवतो. मग पैसे द्या.’’ तो खोटे बोलत नाही. तासाभरात पंखे फिरू लागतात, पडद्यावर विंडोज उमटते आणि खोके टॅक्सीत चढते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून मिळालेले नसते. ते मिळते मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, काही न सांगता यंत्र बंद पडते तेव्हा. किंवा वर्षभर साठवलेल्या पैशांतून ग्राफिक्स कार्ड आणले जाते आणि खेळ सुरू करताच पडदा काळा होतो तेव्हा. किंवा वीज जाते, आणि ज्यासाठी यूपीएस घेतला तो यूपीएसच त्या क्षणी मान टाकतो तेव्हा. दुकानात नेले की तिथे सगळे ठीक चालते. ‘‘तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल,’’ असे ऐकून घरी परतावे लागते.

सुटे भाग निवडून डेस्कटॉप जोडू पाहणाऱ्याला जो सल्ला मिळतो, त्याचा भर कोणता भाग कशात बसतो यावर असतो. हा भर चुकीच्या जागी आहे. जे बसत नाही ते निरुपद्रवी असते. दुकानातच कळते, बदलून मिळते. पैसे बुडतात ते बसणाऱ्या, पण न जुळणाऱ्या भागांत. बसणे ही आकाराची बाब आहे. जुळणे ही वीज, उष्णता आणि चिपमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीची बाब आहे, आणि त्यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही.

खरे तर निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कंपन्यांनी बनवलेले भाग एका पेटीत बसतात हेच नवल. आयबीएमने १९८१ साली पर्सनल कॉम्प्युटर काढला तो बाजारात मिळणारे भाग घेऊन, आणि त्याच्या रचनेची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने विकायलाही ठेवली. त्यातून सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप आखून दिले. पूर्ण बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोके अमुक ठिकाणी, वीजपुरवठ्याचा प्लग असा. तीस वर्षांनंतरही कॅबिनेट, बोर्ड आणि एसएमपीएस एकमेकांत बसतात ते या आखणीमुळे. कार्डाची लांबी, कूलरची उंची हे टेप लावून मोजता येते, त्यावर फार बोलण्यासारखे काही नाही.

रॅमचे उदाहरण पाहावे. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, लांबी सारखीच. पण पहिली १.२ व्होल्टवर चालते, दुसरी १.१ व्होल्टवर, आणि दुसरीत व्होल्टेज सांभाळणारी चिप पट्टीवरच असते. एकीच्या जागी दुसरी लागली तर नुकसान ठरलेले. म्हणून पट्टीच्या कडेला असलेली खाच दोन्हींत वेगळ्या जागी ठेवली आहे. कितीही जोर लावला तरी चुकीची पट्टी बसत नाही. ही खाच म्हणजे अभियंत्याने अनोळखी माणसाला लावलेला हात आहे: थांब, हे तुझे नव्हे.

अशी खाच सगळीकडे असती तर या विषयावर लिहिण्याचे कारण उरले नसते.

इंटेलने २०१५ साली सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी एलजीए ११५१ नावाचे सॉकेट आणले. नावातला आकडा संपर्कबिंदूंचा. २०१७ साली आठवी पिढी आली, तिचेही सॉकेट ११५१. प्रोसेसर जुन्या बोर्डात अलगद बसे, झाकण लागे, आणि यंत्र सुरू होत नसे. काही बिंदूंची कामे बदलली होती, नव्या पिढीला ३०० मालिकेचाच चिपसेट लागे. पुढे हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालवून दाखवले, म्हणजे अडचण पूर्णपणे विजेची होती असेही म्हणता येत नाही. पण त्या खटपटीचा सामान्य ग्राहकाला काय उपयोग? त्याने ११५१ ला ११५१ जुळवले होते. शाळेत शिकवल्याप्रमाणे त्याचे गणित बरोबर होते.

एएमडीने उलट वाट धरली आणि तिथे दुसरा खड्डा निघाला. २०१६ सालचे एएम-४ हे सॉकेट कंपनीने वर्षानुवर्षे टिकवले. २०१७च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर २०२०च्या शेवटी आलेला रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसरही पुढे चालू लागला. ग्राहकाच्या बाजूने घेतलेला इतका चांगला निर्णय या धंद्यात क्वचित दिसतो. मात्र बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बोर्डावरची बायोस नावाची आज्ञावली अद्ययावत करावी लागते, आणि ती करायला चालू यंत्र लागते. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, पण बोर्ड गोदामात वर्षभर पडून असलेला. प्रोसेसर ओळखला जात नाही म्हणून बायोस बदलता येत नाही, बायोस बदलत नाही म्हणून प्रोसेसर ओळखला जात नाही. किल्ली कपाटात आणि कुलूप कपाटाला! २०१८ साली एएमडीने अशा अडकलेल्या ग्राहकांना एक साधा प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय केली होती. बायोस बदला, प्रोसेसर परत करा. त्यातही गंमत अशी, की अनेक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच होती. नव्या प्रोसेसरची ओळख घालायची तर काही जुन्यांची ओळख पुसावी लागे.

आज इंटेलच्या बाजारातही हेच आहे. एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. बाराव्या पिढीच्या काळात बनून दुकानात पडलेला एच ६१० बोर्ड चौदाव्या पिढीपुढे गप्प राहू शकतो. दुकानदाराकडे बायोस बदलायला जुना प्रोसेसर असतो, त्याला दहा मिनिटे लागतात. ऑनलाइन भाग मागवून नाशिकला किंवा लातूरला घरी जोडणाऱ्या मुलाकडे तो नसतो. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय, पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत झळकणाऱ्या रंगीत दिव्यांपेक्षा ते बटण किती तरी मोलाचे आहे, पण जाहिरात दिव्यांचीच होते.

याहून साधा आणि म्हणूनच जास्त घरांत घडणारा घोटाळा एका अक्षराचा आहे. कोअर आय-५ १२४०० आणि कोअर आय-५ १२४००एफ. वेग सारखा, सॉकेट एकच, ‘एफ’वाला थोडा स्वस्त. ‘एफ’चा अर्थ, प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग बंद, पडद्यावर चित्र हवे तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागणार. आता पेच असा, की मदरबोर्डाच्या मागे एचडीएमआयचे छिद्र असतेच. वायर त्यात नीट बसते. मॉनिटर ‘सिग्नल नाही’ म्हणतो. एएमडीच्या जुन्या मालिकेत हेच उलटे: रायझन ५ ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. एक कंपनी नसल्याचे अक्षर लावते, दुसरी असल्याचे! औषधाच्या दोन गोळ्यांची नावे अशी ठेवली असती तर ओरड झाली असती.

आणि औषधाचा विषय निघालाच आहे तर वैद्यकाकडे थोडे वळावे, कारण ‘बसते पण जुळत नाही’ हा रोग तिथे फार आधी ओळखला गेला. सलाइनची नळी, नाकातून पोटात अन्न पोचवणारी नळी आणि पाठीच्या कण्यात भूल देण्याची सुई या सगळ्यांची तोंडे वर्षानुवर्षे एकाच मापाची, लुअर नावाच्या जोडणीची असत. कोणतीही कशालाही बसे. पोटात जायचे अन्न शिरेत गेल्याने, शिरेत द्यायचे औषध कण्यात गेल्याने रुग्ण दगावले. परिचारिकांना ‘नीट लक्ष द्या’ असे बजावून हे थांबले नाही. अखेर आयएसओ ८०३६९ या मानकमालेत निरनिराळ्या वापरांच्या नळ्यांची तोंडेच वेगळी ठरवण्यात आली. अन्ननलिकेची आणि कण्याची मानके २०१६ साली आली. भूलतज्ज्ञांकडे तर त्याहून जुनी सोय आहे. भूल यंत्रावर लावायच्या ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरच्या तोंडाला दोन आणि पाच क्रमांकाच्या जागी छिद्रे, नायट्रस ऑक्साइडच्या तोंडाला तीन आणि पाच. यंत्रावर तशाच पिना. पिना शाबूत असतील तर चुकीचा सिलिंडर लागतच नाही. चूक माणसाच्या स्वभावात असते हे मान्य करून ती यंत्राने अडवायची, हा त्यामागचा विचार.

कॉम्प्युटर उद्योगाला हा विचार ठाऊक नाही असे नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅट खाणारे कार्ड आले आणि काही दिवसांतच त्याचा नवा, ६०० वॅटपर्यंतचा छोटा प्लग वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कंपनीने जगभरात सुमारे ५० प्रकरणे माहीत असल्याचे सांगितले आणि प्लग पूर्ण आत न गेल्याचे मुख्य कारण दिले. म्हणजे दोष वापरणाऱ्याचा. पण २०२३ साली त्याच प्लगची सुधारित आवृत्ती निघाली, त्यात संकेत देणाऱ्या पिना आखूड केल्या. प्लग पुरता बसल्याशिवाय त्या टेकत नाहीत आणि कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. वापरणाऱ्याला बोल लावून झाल्यावर का होईना, खाच घातली गेली.

जिथे ती आजही नाही आणि जिथे भारतीय ग्राहक सर्वांत जास्त फसतो, तो भाग म्हणजे चिठ्ठीतली ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ ही ओळ. इतर सगळ्या भागांना नाव आणि क्रमांक असतो. एसएमपीएस बहुधा निनावी, कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट. २३० व्होल्टची घरगुती वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देणारी ही पेटी यंत्राच्या प्रत्येक भागाला भिडलेली असते. वाईट प्रोसेसर नुसता संथ चालतो. वाईट एसएमपीएस मरताना एकटा मरत नाही.

त्याच्या लेबलवरचा मोठा आकडा फसवा असू शकतो. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. समजा लेबलवर ४५० वॅट लिहिले आहे, पण १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. कामाचा आकडा एवढाच. आता या पेटीवर काय चढणार आहे ते पाहावे. आय-५ १२४०० च्या खोक्यावर ६५ वॅट असते, पण जोरात धावताना तो ११७ वॅटपर्यंत जातो असे इंटेलच सांगते. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचे. दोन्ही मिळून २८७. शिवाय कार्ड क्षणार्धासाठी ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढते. म्हणून तर २०२२च्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अट घातली. निनावी पेटीला असली अट कोण घालणार?

अशा पेटीत ग्राफिक्स कार्डासाठी लागणारा आठ पिनी प्लग अनेकदा नसतोच. ही खरे तर खाचच: हे कार्ड माझ्याने पेलणार नाही, असे ती पेटी सांगत असते. त्यावर बाजारात इलाज मिळतो. जुन्या चार पिनी प्लगवरून आठ पिनी करणारा कन्व्हर्टर. दुकानदार तो फुकटही देतो. इथे कन्व्हर्टर म्हणजे खाच बुजवण्याचे साधन झाले. अभियंत्याने अडवलेली चूक काही रुपयांच्या वायरीने पुन्हा खुली होते आणि पातळ वायर तापत राहते.

महागड्या एसएमपीएसमध्ये वेगळा सापळा आहे. त्याच्या वायरी दोन्ही बाजूंनी सुटणाऱ्या असतात. डिस्कच्या बाजूचे टोक सगळ्यांचे सारखे, मानकानुसार. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला मात्र कोणतेही मानक नाही. कोणत्या पिनेत किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी, कधी कधी एकाच कंपनीचे प्रत्येक मॉडेल, आपापले ठरवते. प्लग दिसायला तेच आणि बसायलाही. जुना एसएमपीएस गेला, नवा आणला, आतल्या वायरी नीट बांधलेल्या आहेत म्हणून तशाच ठेवल्या आणि बटण दाबले, की पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन हार्ड डिस्क संपू शकते, तिच्यावरच्या प्रबंधासकट किंवा हंगामभराच्या लग्नांच्या फोटोंसकट. एवढी मानके करणाऱ्या उद्योगाला या एका टोकाचे मानक इतकी वर्षे करता आलेले नाही, याला आळसाखेरीज दुसरे नाव देणे कठीण आहे.

‘८० प्लस’चा शिक्का पाहून घ्यावा असा सल्ला सर्रास दिला जातो. शिक्का चांगलाच, पण तो कार्यक्षमतेचा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी लागते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढेच तो सांगतो. व्होल्टेज बिघडल्यावर पेटी स्वतः बंद होईल की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी कंपनीचे नाव, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षे पाहावी लागतात.

पेटीच्या बाहेरही जुळणी असते, आणि परदेशी सल्ल्यांत ती सापडत नाही. बाजारातला सर्वांत खपणारा घरगुती यूपीएस ६०० व्हीएचा. व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. अशा यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॅट असते. वरचे २८७ वॅट, बोर्ड-पंखे-एसएसडी, एसएमपीएसमधली गळती आणि मॉनिटर धरले तर जोराच्या कामात आकडा चारशेच्या घरात जातो. वीज आहे तोवर काही कळत नाही. ती जाते त्याच क्षणी यूपीएस किंचाळून बंद होतो. ज्या गावात दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे ही जुळणी रॅमच्या वेगाहून महत्त्वाची.

अर्थिंगचेही तसेच. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, हा अनुभव जुन्या चाळींपासून नव्या सोसायट्यांपर्यंत अनेकांना आहे. एसएमपीएसमधला गाळणीचा भाग थोडा प्रवाह अर्थिंगच्या वायरीकडे सोडतो. भिंतीत अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो. तो प्रवाह फार कमी असतो, पण तक्रार कॉम्प्युटरची नाही, घराच्या वायरिंगची आहे, आणि ती दोन पिनी एक्स्टेन्शन बोर्ड लावून दाबून टाकली जाते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेणे हा कॉम्प्युटर खरेदीचाच भाग धरला पाहिजे.

उन्हाळ्याचे गणित आणखी सरळ आहे. हवेने थंड करणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त फरक ठरवतो. समजा भरात काम करताना प्रोसेसर खोलीपेक्षा ५५ अंशांनी गरम राहतो. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत तो ७७ वर असेल. अकोल्याला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात पत्र्याखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ९७. इंटेलचे अलीकडचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांजवळ स्वतःचा वेग उतरवतात. म्हणजे तोच प्रोसेसर, तोच कूलर, पण एका गावात जुळलेला आणि दुसऱ्या गावात न जुळलेला. त्यात आपल्याकडे कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी बंद खण असतो, वर क्रोशाचे कव्हर. हवा आत जायला जागा नाही आणि बाहेर यायलाही नाही. विदर्भातल्या ग्राहकाने प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन उरलेले पैसे कूलर, दोन जादा पंखे आणि जाळीदार कॅबिनेटमध्ये घालावेत. काचेच्या तोंडाचे कॅबिनेट शोभून दिसते, तिथे मात्र ते चुकीचे आहे.

मग लोक चुकीच्या जागी पैसे का घालतात? कारण त्यांना एकच शब्द माहीत असतो. ‘आय-७ आहे ना?’ या प्रश्नावर अर्धा बाजार चालतो. २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा आय-७ ३७७० आजही ‘आय-७’ म्हणून जुन्या बोर्डासह विकला जातो. २०२२चा आय-३ १२१०० त्याच्या पुढे धावतो, दोघांचे कोअर चारच असूनही. शिवाय विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. जुन्या आय-७ वर ते युक्तीने चढवून मिळते. तेही बसते, जुळत नाही.

रॅमच्या बाबतीत ग्राहकाला आकडा माहीत असतो, १६ की ३२. पण १६ची एकच पट्टी लावण्याऐवजी आठ-आठच्या दोन लावल्या तर दोन वाटांनी माहिती वाहते. एकच लावली तर एक वाट रिकामी. ३२०० वेगाची डीडीआर-४ पट्टी बायोसमधली नोंद चालू केल्याशिवाय अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालते, आणि कोणी न सांगितल्यास आयुष्यभर तशीच चालते. डीडीआर-५ मध्ये तर चारही जागा भरणे तोट्याचे ठरू शकते: रायझन ७००० मालिकेला एएमडीच्या तक्त्यात दोन पट्ट्यांवर ५२०० चा वेग आहे, चार लावल्या तर ३६००. एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव भडकले. तेव्हापासून ही चूक अधिकच महाग झाली आहे.

दुकानदारांची बाजू ऐकण्यासारखी आहे. गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी पाच दुकाने फिरते, प्रोसेसरचा भाव सगळ्यांना पाठ असतो, त्यात सुटते काय? सुटते ते निनावी भागांत. चांगला एसएमपीएस लिहून दिला की बेरीज वाढते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. हे खरे आहे आणि त्याला एकटा दुकानदार जबाबदार नाही. मग तयार, नामांकित कंपनीचा डेस्कटॉपच का घेऊ नये? ज्याला पुढे काहीच बदलायचे नाही त्याने जरूर घ्यावा. पण त्यातल्या काहींत बोर्ड आणि वीजपुरवठ्याचे प्लग कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. तिथे आज सगळे जुळलेले असते. उद्या बाहेरचे काही बसत नाही.

उपाय चिठ्ठीतच आहे. प्रत्येक ओळीत पूर्ण मॉडेल क्रमांक हवा, एसएमपीएसच्या ओळीत तर सर्वांत आधी. प्रोसेसरपुढचे अक्षर हवे, बोर्डाच्या बायोसची आवृत्ती हवी, रॅमच्या पट्ट्या किती आणि कोणत्या वेगाच्या हे हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा आणि मानक जाणून घेण्याचा हक्क देतो. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ या तीन शब्दांत ना दर्जा कळतो ना मानक. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या प्रोसेसर आणि रॅमच्या चाचणी केलेल्या याद्या प्रसिद्ध करतात, पण त्या शोधाव्या लागतात. कोणत्या प्रोसेसरला कोणती बायोस लागते आणि खोक्यातल्या बोर्डात कोणती आहे, हे खोक्यावर छापणे कंपन्यांना अशक्य नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापून येतात.

आणि वडिलांनी पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला यंत्र नुसते चालू करून नव्हे, भार देऊन दाखवायला सांगावे. बायोसच्या पडद्यावर आवृत्ती आणि रॅमचा वेग दिसतो. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींना कामाला लावणारे प्रोग्राम फुकट मिळतात, तापमान बाजूला दिसत राहते. मध्येच मागची वीज बंद करून यूपीएस काय करतो तेही पाहता येते. याला अर्धा तास लागतो. लॅमिंग्टन रोडवर तेवढ्या वेळात दोन कटिंग होतात.